साइडपट्टीवरची देवी

आमच्या घरात सून सायकल चालवते आणि मुलगा ट्रेलर. दोघं एकाच रस्त्याने जातात, संध्याकाळी एकाच टोपातला भात खातात आणि खाताना एकमेकांच्या जमातीचा उद्धार करतात.

"तुमच्या सायकलवाल्यांना मागं बघायचं असतं ते ठाऊकच न्हाय," दीपेश म्हणतो. "कानात वायर, उलट्या बाजूने येनार, मागं लाइट न्हाय. वर केबिनमधून मना खालचं काय दिसत न्हाय. एवढं लांबडं धूड मागं घेऊन मी ब्रेक कुटं मारू?"

"तुम्हाला हॉर्न तेवढा दिसतो," हेमाली म्हणते. "माणूस पुढे असलं तरी हॉर्न, माणूस खाली पडलं तरी हॉर्न."

मी मध्ये बसून भात वाढते. दोघंही खरं बोलतात म्हणून जास्त राग येतो. एक जण खोटं बोलत असता तर त्याला गप्प करता आलं असतं.

रस्ता आमच्या गावावरून दापोड्याच्या गोडाऊनांकडे जातो. मध्ये डांबर आणि दोन्ही अंगांना मुरमाची साइडपट्टी. सायकलवाले, डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया, पायी कामाला जाणारी माणसं, सगळ्यांनी त्या पट्टीवरून जायचं असतं. पण गाडीवाल्याला मोकळी जागा दिसली की ती त्याला सासऱ्याने आंदण दिल्यासारखी वाटते. आमच्या वेशीपासून पुढे कुमारचे ट्रेलर त्या पट्टीवर एकामागे एक उभे असतात. कुमार माझ्या दिराचा मुलगा. घरामागे त्याचं भलंमोठं यार्ड आहे, पण यार्डात ट्रेलर घालायचा म्हणजे मागे घे, पुढे घे, परत मागे घे. ड्रायव्हरांना तेवढा वेळ कुठला? रस्त्यावर सोडतात आणि घरी जातात. त्यातलाच एक ट्रेलर आमच्या दीपेशच्या हाताखालचा. गाडी मालकाची, सवयही मालकाची.

मग सायकलवाल्याने काय करायचं? ट्रेलर आला की पट्टी सोडायची, डांबरावर यायचं, मान वळवून मागे बघायचं आणि जीव मुठीत धरून पायडल मारायचं.

हेमाली एका सकाळी गोडाऊनच्या कामाला जाताना अशीच डांबरावर आली आणि मागून आलेला कंटेनर तिला खेटून गेला. धडक बसली नाही. नुसत्या वाऱ्यानेच ती आत ढकलली गेली आणि उभ्या ट्रेलरच्या चाकावर आपटली. कोपर सोलवटलं, खांदा सुजला, डब्यातली वालाची भाजी मुरमात गेली. कंटेनर कुणाचा ते कुणालाच कळलं नाही, तो थांबला कुठे? उभा होता तो ट्रेलर मात्र सगळ्या गावाच्या ओळखीचा. दीपेशचा.

दीपेश बातमी ऐकून घरी आला. बायकोचा खांदा बघितला. मग सायकल उचलली आणि पडवीच्या वाशाला उलटी टांगून ठेवली.

"आजपासून बंद," म्हणाला.

"मग मी जाऊ कशी?" हेमालीने विचारलं. शेअर रिक्षा पहिल्या शिफ्टच्या वेळेला आमच्याकडे फिरकत नाही. गोडाऊनची बस फाट्यावरून निघते, आणि फाट्यापर्यंत जायचं म्हणजे परत तोच रस्ता.

"नको जाऊस. सुटली नोकरी तर सुटली."

"नोकरी माझी आहे. गाडी तुमची उभी होती. टांगायचीच तर ती टांगा."

मला हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती. गोडाऊनच्या सुपरवायझरने फोनवर सांगितलं होतं, सोमवारी आलीस तर तुझी जागा तुझी, नाहीतर बाहेर बायांची रांग लागलेली आहे. मी सुनेची बाजू घेते म्हणून दीपेश माझ्यावर फुगला. फुगू दे. आमच्या घरात बायांनी शेतात राबून पाठी वाकवल्या, बाजारात मासळी विकली, पण स्वतःच्या नावाचं कार्ड गळ्यात घालून उंबरा ओलांडणारी ही पहिली. संध्याकाळी ती ते कार्ड देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवते. दुसरीपर्यंतची माझी शाळा, पण तिचं नाव मला वाचता येतं. ते कार्ड एका ट्रेलरपायी खिळ्यालाच राहणार असेल तर माझी जीभ काय फक्त भाताची चव बघायला दिली आहे?

मी कुमारकडे गेले. त्याच्या घरी लगीनघाई. मुलाचं, भाविकचं लग्न, ओट्याला नव्या लाद्या बसवायचं काम चाललेलं, गवंडी सिमेंट कालवत होते.

"ये काकी. चहा घे. धवल्यांची सुपारी पोचली ना तुला?"

इथे सांगायला हवं. मी धवलारीन. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात मांडवात बसून देवांना बोलवायची गाणी म्हणते, त्यांना धवले म्हणतात. एकेक देव गाण्यातून घरून निघतो, वाट चालतो, मांडवात येऊन बसतो. सगळे देव बसल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. भटजीला उशीर झाला तर लोक घड्याळ बघतात. धवलारीन अडली तर लोक एकमेकांची तोंडं बघतात.

"सुपारी पोचली," मी म्हटलं. "आता ट्रेलर हलव."

"कनचा ट्रेलर?"

"रस्त्यावर हायेत तेवढे सगळे. हेमालीचा खांदा बघून ये, मग विचार कनचा."

"काकी, लगीन होऊ दे. मग बघू. आणि सायकल आता कोण चालवतं गो? तिला स्कुटी घेऊन दे."

"स्कुटी काय आभाळातून जाते का रं? तिलाबी पट्टीच लागते."

कुमार हसला. गवंडीसुद्धा हसले. "तू असं कर," तो म्हणाला, "गावकीच्या बैठकीत विषय काढ. गाव म्हणेल तसं करू."

गावकीत विषय माझा आधीच काढून झाला होता. बैठकीला बसतात त्यांतल्या प्रत्येकाची एक ना एक गाडी बाहेर पट्टीवर उभी असते. उंदरांच्या पंचायतीत मांजराने फिर्याद द्यावी असं नाही, उलटंच. कणगी पोखरणारे उंदीर बसलेत आणि कणगी फिर्याद देते आहे. एकाने तर मलाच विचारलं, बायजाबाई, तुझा दीपेशबी तिथंच लावतो ना? मी म्हटलं, लावतो, म्हणून तर नाव घेऊन सांगते. तो विषय तिथेच मेला.

शनिवारी भाविकची हळद. मांडवाला उंबराची डहाळी बांधली, भाविकला पाटावर बसवला, सवाष्णींनी तेल चढवलं. एकदा तेल चढलं की नवऱ्याने मांडव सोडायचा नाही. माझ्या एका अंगाला रंगूबाई, दुसऱ्या अंगाला पार्वती. मी म्हणते आणि त्या मागून उचलतात. डीजेवाला पलीकडे आपली पेटाडं लावून, आमचं कधी संपतंय याची वाट बघत बसला होता.

गणपतीला बोलावलं, तो आला. कुलदेव आले. डोंगरावरची एकवीरा आली. शेवटी गावदेवी. तिचं देऊळ वेशीबाहेर, त्याच रस्त्याच्या कडेला. बाकीचे देव घोड्यावर येतात, पालखीत येतात. गावदेवी आपली, ती पायी येते. तिला धवलारीनीने हाताला धरून चालवत आणायची असते.

मी सुरू केलं.

निघाली गावदेवी वेशीवरून गो
हिरवा पदर सावरून गो
चालते वाटेच्या कडेनं गो
वाट अडवली गाडीनं गो

रंगूबाई आणि पार्वतीने शेवटची ओळ उचलली आणि मी गप्प बसले. मी हे घरून ठरवून गेले होते असं लोक म्हणतात. म्हणू देत.

मांडवात कुजबुज. कुमार पुढे आला. "काकी, पुढचं म्हण."

"पुढचं न्हाय."

"विसरलीस?"

"मी कशाला विसरू? ती थांबली हाय. वाटेत गाडी उभी हाय."

"गाण्यात?"

"गाण्यात न्हाय, रस्त्यावर. जाऊन बघ."

मागे कोणी तरी हसलं. तेवढ्यात रंगूबाई म्हणाली, "खरंच थांबलीय गो. मना दिसते." रंगूबाईला मोतीबिंदू. समोरची हळदीची परात तिला दिसत नाही, पण त्या दिवशी तिला वेशीवरची देवी दिसली. हसणारा गप्प झाला.

कुमारचं तोंड उतरलं, पण पीळ जाईना. "मी दुसरी धवलारीन बोलावतो."

"बोलाव. कोन गावात एक हाय, माझ्याच हाताखाली शिकलेली. पण ती नव्याने सुरू करनार न्हाय. जिथं मी थांबले तिथूनच उचलायला लागतं. तिचीबी देवी त्याच ट्रेलरशी थांबेल."

भाविक पाटावर तेलाने निथळत बसला होता. "बाबा," तो म्हणाला, "मना गार लागतंय."

तिकडे नवरीच्या घरून फोनवर फोन. नवऱ्याची उष्टी हळद तिकडे गेल्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही. कुमार फोन कानाला लावून "निघते, निघते" म्हणत होता आणि माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याची मुंबई-नाशिक गाडी भर रस्त्यात पंक्चर केली आहे. बरोबरच होतं. वाट अडली की कसं वाटतं ते त्यालाही कळू दे.

शेवटी त्याने हाक मारली, "अरे, गाड्या आत घ्या कोणी तरी."

कोण घेणार? ड्रायव्हर सगळे सकाळपासून मांडवामागे बाटलीच्या संगतीत. शुद्धीत एकटा दीपेश. तो कोपऱ्यात खुर्च्या लावत होता. आईकडे बघावं की मालकाकडे बघावं अशी त्याची गत. मी नजर परातीत ठेवली. आईने बघितलं असतं तर तो अडून बसला असता, मी त्याला ओळखते. त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली, कुमारपुढे हात केला आणि म्हणाला, "दादा, चाव्या दे."

मग एकेक ट्रेलर यार्डात गेला. मागे घे, पुढे घे, परत मागे घे. आम्ही मांडवात बसून रिव्हर्सची ती किरकिर ऐकत होतो. बायांनी पानं लावून खाल्ली. शेवटचं इंजिन बंद झालं तशी मी देवीला पुढे चालवलं, मांडवात आणून बसवलं, आणि भाविकला हळद लागली. डीजेवाल्याने इतका जोर लावला की उंबराची डहाळी हलली.

त्या संध्याकाळी दीपेशने सायकल खाली काढली. चाकात हवा भरली, ब्रेकचे रबर बघितले.

"सोमवारी पट्टी सोडू नको," हेमालीला म्हणाला. हुकूम दिल्यासारखा.

"सोडायला लावणारं कोणी नसेल तर कशाला सोडीन?" ती म्हणाली. पण त्या दिवशी तिने त्याला भातावर आमटी न मागता वाढली.

रविवारी लग्न झालं. सोमवारी सकाळी हेमाली गळ्यात कार्ड घालून निघाली. मी चुलीवर पाणी ठेवते न ठेवते तोच सायकल परत पडवीत.

"काय गो? विसरलीस काही?"

"आई," ती म्हणाली, "तुमची देवी पट्टीवर बसलीय."

मला वाटलं, पोरगी थट्टा करते. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. "आता मला देवीपायी डांबरावर जावं लागतं. मागून टँकर आला. त्याचा ड्रायव्हरही देवीलाच हात जोडत होता."

मी तशीच निघाले, पदर खोचून. वाटेत रंगूबाई आणि पार्वतीला हाक मारली. हेमाली सायकल हातात धरून मागून आली.

जाऊन बघते तर जिथे दीपेशचा ट्रेलर उभा असायचा, नेमका तिथे नवा कोरा चौथरा. कुमारच्या ओट्याला लागल्या त्याच लाद्या त्याला. वर शेंदूर फासलेला दगड, नारळ, झेंडा. साइडपट्टी अख्खी गिळून चौथरा थोडा डांबरावरही आलेला. झालं होतं असं, की लग्नात पाहुण्यांत बोलणं निघालं, कुमारच्या ट्रेलरने म्हणे देवीची वाट अडवली. नवरीच्या बापाने सगळ्यांदेखत विचारलं, काही कोप तर नाही ना? कुमार घाबरला. गवंडी घरी होतेच, लाद्या उरलेल्या होत्याच. देवी थांबली तिथे तिला बसवून टाका, म्हणाला.

मी तिथे उभी राहून बघितलं. येणारा प्रत्येक गाडीवाला चौथऱ्यापाशी स्टिअरिंग सोडून हात जोडत होता. सायकलवाले एका हाताने नमस्कार करत डांबरावर वळत होते. हे माझं काम. मी ट्रेलर हलवले आणि त्या जागेवर देवी आणून बसवली. ट्रेलर निदान कधी तरी भाड्याला जातो. देवी कुठे जाणार?

कुमार अगरबत्ती लावत होता. हळदीचे डाग अजून शर्टावर.

"बघ काकी," म्हणाला, "तुझ्या शब्दाला मान दिला."

"वाट मागितली होती रं. घर कोनी मागितलं?"

"तूच म्हणालीस ती थांबली."

"थांबली ती गाडीपायी. गाडी गेली, ती मांडवात आली, तुझ्या पोराला हळद लागली. मग ही इथं कोण बसलीय?"

त्याने अगरबत्ती नारळाशी खोचली. रस्त्यावर माणसं जमायला लागली होती. तो आवाज चढवून म्हणाला, "आता बसली ती बसली. देवीला हात लावायची कोणाची छाती हाय?"

कोणाचीच नव्हती. माझीही धडधडत होती, खोटं कशाला बोलू. वर्षानुवर्षं मी तिला हाक मारते, तिच्या दगडाला हात घालायचा म्हणजे काय खाऊ आहे? मी हेमालीकडे बघितलं. ती घड्याळ बघत होती. तिला देवीची भीती नव्हती, गेट बंद व्हायची होती.

"कुमार," मी म्हटलं, "हळद उतरली ना?"

"उतरली."

"मग देव पोचवायचे राहिलेत. बोलावलं मी, पोचवनार मी. की तुझ्या घरच्या कार्याचे देव असेच रस्त्यावर सोडू?"

देव पोचवल्याशिवाय कार्य पुरं होत नाही हे त्याच्या आईने त्याला शिकवलेलं. आम्ही तिघी डांबरावरच उभ्या राहिलो, दुसरी जागा होती कुठे, आणि मी म्हटलं.

चल गो गावदेवी देवळाकडं गो
वाट झाली मोकळी पुढं गो
पाहुनी मांडवाची झाली गो
घरची धनीन घरी चालली गो

दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या. हॉर्नच्या तालावर धवला म्हणायची वेळ माझ्यावर आली. म्हणून झाल्यावर मी कपाळ टेकलं, दगड उचलला आणि रंगूबाईच्या ओटीत घातला.

"जड हाय गो देवी," रंगूबाई म्हणाली.

"देवी जड न्हाय. कुमारने धोंडा मोठा घेतलाय."

तेवढ्यात यार्डाकडून ट्रेलर आला आणि आमच्या पाठीशी थांबला. केबिनमधून दीपेशने मान बाहेर काढली. त्याला काही ठाऊक नव्हतं, तो ड्युटीला निघालेला.

"आई, बाजूला हो."

"बाजू कुटं हाय ती दाखव, होते."

त्याने वरून खाली बघितलं. आधी मला, मग चौथरा, मग सायकल धरून डांबरावर उभी असलेली बायको. तिच्यामागे एक टेम्पो इतका जवळ आला होता की त्याचा बंपर तिच्या मागच्या चाकाला लागत होता. मग दीपेशने ट्रेलर तसाच रस्त्यात आडवा लावला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. हातात टॉमी, चाक खोलायची ती लोखंडी दांडी.

"दीपेश," कुमार म्हणाला, "गाडी माझी हाय, ध्यानात ठेव."

"तुझीच हाय, दादा. तिला कुटं हात लावतोय?"

आणि त्याने टॉमी लादीखाली घातली. सिमेंट अजून ओलं होतं. लादी अख्खी निघून आली. कुमार पुढे झाला, तसा पार्वतीने त्याचा दंड धरला. "आता त्यात देवी न्हाय रं," म्हणाली, "विटा हायेत. विटांसाठी काकीशी भांडू नको, अजून धाकट्याचं लगीन व्हायचं हाय तुझ्या घरात." कुमार थांबला, पण माझ्याकडे बघितलं ते काही पुतण्याचं बघणं नव्हतं. दीपेशच्या ड्युटीचं उद्या काय होणार ते मला त्यात दिसलं. दीपेशलाही दिसलं असणार. त्याने दुसरी लादी काढली.

मागून एका कंटेनरवाल्याने ओरडून विचारलं, "अरे, रस्ता क्या तेरे बाप का है?"

"बाप का नही, बहू का है," मी म्हटलं. "रुको."

कडेच्या विटा निघाल्या. चौथरा पुरा पाडायला दुपार झाली असती, पण कडेने सायकल जाईल एवढी फट पडली. अजून थोडी रुंद होऊ दे असं मी म्हणणार तेवढ्यात हेमाली सीटवर बसली.

"मला उशीर झालाय," म्हणाली. ती थांबली नाही, नवऱ्याचे आभार नाही, माझे नाही. विटांच्या तुकड्यांवरून सायकल कुरकुरत गेली, पुढे मोकळ्या पट्टीला लागली आणि तिने मान न वळवता पायडल मारलं.

मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. पुढे लांबवर, कुमारच्या यार्डाचा संबंध नसलेल्या जागी, बाहेरगावची कुठली तरी एक गाडी इंडिकेटर लावून पट्टीवर चढत होती. तिचा ड्रायव्हर आमच्या गावदेवीला ओळखत नव्हता.

"बायजे, चल गो आता," रंगूबाई म्हणाली. "माझी कंबर मोडली."

दीपेश विटा काढतच होता. आम्ही तिघी देवीला घेऊन देवळाकडे निघालो, विटांच्या ढिगाला वळसा घालून डांबरावरून, आणि मागचे सगळे हॉर्न आमच्यावर वाजत होते.